बसल्या म्हणजे कशा बसल्या

मिस्त्री,

तुमची शेवटची चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं. "बाई, परवापासून बसून आहे. सवडीने या." खाली सही नाही. चिठ्ठीवर सही तुम्ही कधीच केली नाहीत. "अक्षर बघून कळत नाय काय?" म्हणायचात. कळायचं. एवढं वाकडं अक्षर कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

गुरुवारी एस.टी.च्या कंडक्टरने ती आणून दिली. मी वाचली, मला बरं वाटलं, आणि तशीच आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "मिस्त्री उठून बसायला लागले." डॉक्टर म्हणाले, "छान." रविवारी तुमच्याकडे यायचं मी ठरवलं. शनिवारी लसीकरण होतं, आणि सवडीने या असं तुम्हीच लिहिलं होतं.

शनिवारी दुपारी मी लशींची पेटी बंद करत होते, तेव्हा बाळाराम दारात येऊन उभा राहिला. आपला बाळाराम गाडी लावून आत येताना बाहेरूनच चार गोष्टी बोलत येतो. त्या दिवशी त्याने दोनच शब्द सांगितले, "मिस्त्री गेले."

आता दहा दिवस झाले. तुमच्या घरी वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, माणसं ओटीपासून रस्त्यापर्यंत बसली होती. लोक बोलले, चांगलंच बोलले. मिस्त्रींनी अमक्याचा पंप दुरुस्त केला, तमक्याच्या लग्नाला जीप दिली. मलाही बोला म्हणाले. मला गर्दीत बोलता येत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. आणि मला जे सांगायचं होतं ते त्या लोकांना सांगायचं नव्हतं, तुम्हाला सांगायचं होतं. बारा वर्षं तुम्ही आमच्या दवाखान्याची गाडी सांभाळलीत आणि मी त्या गाडीत मागे पेशंटजवळ बसले. एवढ्या वर्षांत ते सांगायला मला सवड झाली नाही.

ती गाडी आली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी. परदेशातल्या कुणा दानशूर माणसांनी दवाखान्याला पाठवलेली, पांढरी, उंच, चारही चाकांना जोर जाणारी, आत दोन स्ट्रेचर. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका बाळंतपणाला खाली आणायच्या म्हणून खास बनवून घेतलेली. डॉक्टरांनी नारळ फोडला. तुम्ही सरळ गाडीखाली सरकलात. बऱ्याच वेळाने बाहेर आलात, कपाळाला ग्रीस, आणि मला म्हणालात, "बाई, ह्या गाडीला हाडं नायत."

"म्हणजे?"

"कातडी हाय, मांस हाय, पण हाडं नायत. स्प्रिंगच नाय. चार रबरी फुगे हायत, आनी त्यांच्यात हवा."

मी हसले. मग त्या गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं. आपली ती पहिली शाळा. औषधांच्या कपाटाशेजारच्या बाकावर तुम्ही बसायचात, मी एकेक वाक्य मराठीत करून सांगायचे. इंजिनाला जोडलेला पंप हवा दाबतो. ती टाकीत साठते. नळ्यांतून फुग्यांत जाते. ओझं वाढलं की व्हॉल्व्ह उघडतो, जास्तीची हवा आत येते आणि गाडी होती त्याच उंचीवर राहते. आत झोपलेल्या माणसाला रस्त्याचा धक्का जाणवत नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं होतं. तुम्ही म्हणालात, "एकदाच लिवलंय ना पुस्तकात? मग तुमी दोनदा कशाला वाचता?"

मी दोनदा वाचलं, कारण त्याआधी सहा वर्षं मी बायकांना झोळीतून येताना पाहत होते. बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात बाई, दोन्ही टोकांना दोन माणसं, आणि मग रस्त्याला लागल्यावर ट्रकच्या हौद्यात. त्या हौद्यातून उतरवताना बायका ओरडत नसत, तेच ऐकवत नसे. आणि आता ही गाडी, जिच्यात धक्का लागत नाही. मला ती गाडी फार आवडली, मिस्त्री. तुम्हाला आवडली नाही, याचा मला राग आला होता.

दोन पावसाळे ती नीट चालली. मग आपल्या हवेने तिला गाठलं. टाकीत पाणी साठायचं, व्हॉल्व्ह गंजायचे. उंदरांनी एकदा नळी कुरतडली. फुग्यांच्या घड्यांत लाल माती जाऊन बसायची आणि रबराला भेगा पडायच्या. सकाळी आवारात यावं तर गाडी एका बाजूला कललेली. मग बाळाराम तुमच्या गॅरेजपर्यंत सायकल मारत जायचा आणि लांबूनच ओरडायचा, "मिस्त्री, म्हैस बसली!"

"कंच्या कुशीवर?" तुम्ही आतून विचारायचात.

"उजव्या!"

हे मी शंभर वेळा ऐकलं असेल. म्हैस बसली, जीपचा पाटा बसला, मागची बाजू बसली. तुमच्या धंद्यात बसणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

तिसऱ्या वर्षी तुम्ही डॉक्टरांना स्पष्ट सांगितलंत की फुगे काढून लोखंडी स्प्रिंगा बसवायला हव्यात, गुंडाळीच्या, जाड सळीच्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. त्या बाकावर मग आपलं जे भांडण झालं ते पुढे नऊ वर्षं चाललं, आणि आता ते माझ्या एकटीकडे उरलं आहे.

"धक्का लागेल, मिस्त्री. टाके घातलेली बाई असते आत."

"धक्का लागला तरी पोचंल. धक्का न लागता रस्त्यातच राह्यली तर?"

"रस्त्यात राहू नये म्हणून तर तुम्ही आहात."

"मी हाय हो. पन मी गाडीत नसतो. गाडीत तुमी असता, आनी हवा." मग म्हणालात, "आनी एक सांगतो. धक्का कळला पायजे. फुग्यावर बसलं की रस्ता खराब हाय ते कळतच नाय. मग हा बाळ्या पळवतो."

"मी कुठं पळवतो?" बाळाराम म्हणाला.

"तू गप रं. तू कळंबच्या रस्त्याला उडतोस."

शेवटी फुग्यानेच निकाल दिला. कळंबच्या पुढे, चिखलात, आत ताप चढलेली एक म्हातारी असताना मागचा डावा फुगा फाटला. माणसांनी तिला पुन्हा झोळीत घालून फाट्यापर्यंत नेलं. म्हातारी वाचली. त्यानंतर मी नको म्हटलं नाही. हो असंही म्हटलं नाही.

तुमचं काम पाहणं हे एक शिक्षण होतं, हे तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आज म्हणते. मला वाटलं होतं, फुगे काढायचे आणि स्प्रिंगा घालायच्या, झालं. तुम्ही आधी गाडीत दोन स्ट्रेचर, औषधाच्या पेट्या आणि माणसांच्या वजनाची भाताची पोती भरून ती वजनकाट्यावर नेलीत. पुढची चाकं काट्यावर, मग मागची. कुठल्या चाकावर किती भार येतो ते माझ्याकडून लिहून घेतलंत. पुस्तकातलं चित्र पुढे धरून मला विचारलंत, "ह्ये दांडे कशापायी हायत ते वाचा." मी वाचलं. ॲक्सल पुढेमागे आणि आजूबाजूला सरकू नये म्हणून ते दांडे आहेत, फुगे फक्त वजन पेलतात. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हंजी हाडं हायती की! नुसते सांधे हवेचे होते." वरखाली स्प्रिंग अडकवायला तुम्ही लोखंडी वाट्या करून घेतल्यात, एक चासीला, एक ॲक्सलला. खोपोलीच्या एका वर्कशॉपात सळ्या लाल करून गुंडाळून घेतल्यात. तेलात विझवताना स्वतः समोर उभे राहिलात.

मग ठोकळे. धक्का मोठा बसला तर ॲक्सल चासीवर आपटू नये म्हणून मध्ये रबरी ठोकळा असतो. गाडी ओझ्यासकट उभी असताना ठोकळा आणि ॲक्सल यांच्यात चार बोटं जागा हवी, असं तुम्ही ठरवलंत. माप म्हणजे तुमची बोटं. मी पट्टी आणते म्हटलं, तर म्हणालात, "पट्टी हरवते. बोटं कोन नेतो?" मी खाली वाकून माझी चार बोटं घालून पाहिली, तर मध्ये फट उरली. "तुमची बोटं शिस्पेन्सिलीसारखी," तुम्ही म्हणालात. "तुमची पाच धरा."

चारही स्प्रिंगा चढवून, पोती भरून, तुम्ही गाडी आवारात उभी करून गेलात. ओझं रात्रभर ठेवून पारख करायची होती.

आता त्या सकाळविषयी लिहिते.

मी आले तेव्हा पोती उतरवलेली होती, तुम्ही नव्हतात, आणि काचेवर वायपरखाली चिठ्ठी होती. "बाई, पुढच्या स्प्रिंगा बसल्या. खोपोलीला जातो." मी ती वाचून होईपर्यंत फाटकातून दोन माणसं धावत आली. कळंबच्या पलीकडे, डोंगराच्या पोटातल्या वाडीवर पारू नावाची बाई, पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. वाडीपासून रस्त्यापर्यंत तिला झोळीतून आणत आहेत, गाडी पाठवा. डॉक्टर मुंबईला गेले होते. मी बाळारामला म्हटलं, "काढ गाडी."

बाळाराम चावी हातात घेऊन उभा राहिला. "मिस्त्री काय बोलले, बाई?"

"स्प्रिंगा बसल्या म्हणून लिहिलंय."

"बसल्या म्हंजी कशा बसल्या?"

मिस्त्री, त्याने विचारलं होतं. अगदी हेच शब्द. म्हैस बसली म्हणून वर्षभर ओरडत आलेल्या माणसाने मला सरळ प्रश्न विचारला होता. स्प्रिंगा जागेवर बसल्या, की ओझ्याने दबून खाली बसल्या? आणि माझ्या मनात, पापणी लवण्याइतका वेळ का होईना, दुसरा अर्थ आला होता. नव्या स्प्रिंगा चढवल्यावर मिस्त्री खोपोलीला कशाला जातील, हेही आलं होतं. पण समोर ती दोन माणसं उभी होती, त्यांच्या पायांना चिखल होता, आणि मला गाडी हवी होती. मी म्हटलं, "बसल्या म्हणजे बसल्या. चल."

जाताना काही झालं नाही. गाडी रिकामी होती. पुढून आदळत होती, पण मला वाटलं, लोखंड आहे, आदळणारच. मनात तुम्हाला म्हटलंसुद्धा, बघा, धक्का लागतोच ना. येताना पारू, तिची सासू, नवरा आणि मी. उतारावर भार पुढे आला. पुढच्या स्प्रिंगा रात्रभरात दोन बोटं खाली आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. चारातली दोनच उरली होती. प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल ठोकळ्यावर आपटत होता. डावा ठोकळा उखडला, टायर पत्र्याला घासू लागला, आणि वळणावर फुटला. बाळारामने गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून आम्ही सगळे आहोत. कललेल्या गाडीत, एका बाजूच्या भिंतीला पाय देऊन, मी पारूचं बाळंतपण केलं. मुलगा होता. तो रडला नाही.

डॉक्टर परत आल्यावर मला म्हणाले, "वेळेवर पोचली असतीस तरी ते मूल राहिलं नसतं. दोन दिवस अडलेली होती." कदाचित खरं असेल. पण हे त्यांनी मला सांगितलं. तुम्हाला नाही. तुम्हाला त्यांनी आवारात सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, चूक कुणाची?"

अपघाताच्या दिवशीच दुपारी तुम्ही खोपोलीहून परतला होतात. स्प्रिंगांना पाणी नीट चढलं नाही, लोखंड मऊ राहिलं, त्या पुन्हा तापवाव्या लागतील, असं त्या वर्कशॉपवाल्याकडून कबूल करून घेऊन आला होतात. आवारात गाडी नाही हे पाहून तुम्ही भाड्याची सायकल घेऊन कळंबच्या रस्त्याला निघालात आणि वाटेत आम्ही भेटलो. पारूच्या सासूच्या हातातलं गाठोडं पाहिलंत आणि डोक्यावरचा रुमाल काढलात.

"माझी चूक," तुम्ही डॉक्टरांना म्हणालात. "चिठ्ठीत दोन शब्द जास्त लिवले असते, गाडी नेऊ नका म्हणून, तर झालं नसतं."

मी तिथेच होते. बाळाराम माझ्याकडे पाहत होता. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात, आणि ते मुद्दाम होतं हे मला तेव्हाही कळलं. डॉक्टर म्हणाले, "लॉगबुकात लिहून ठेवा." तुम्ही खांबाला टेकून लिहिलंत. "पुढच्या स्प्रिंगा बसलेल्या. चिठ्ठी नीट लिहिली नाही. चूक मिस्त्रीची." आणि सही केलीत. आयुष्यात कुठल्या कागदावर तुम्ही आपण होऊन सही केली असेल तर ती त्या एकावरच.

मी गप्प राहिले. बाळाराम गप्प राहिला. तो आजपर्यंत गप्प आहे, आणि त्याच्या गप्प राहण्यात माझ्यावर कधी ओझं टाकलं नाही त्याने, हेही सांगते.

दुसऱ्यांदा स्प्रिंगा आल्या तेव्हा तुम्ही त्या तीन दिवस पोत्यांखाली दाबून ठेवल्यात. रोज माझ्यासमोर बोटं घातलीत. चार. चार. चार. मग एक दिवस म्हणालात, "चला, बाई, आता तुमची परीक्षा." स्ट्रेचरवर स्वतः आडवे झालात, छातीवर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलंत, आणि बाळारामला सांगितलंत, "कळंबपर्यंत ने. हळू नको, नेहमीसारखा उड." मी शेजारी बसले होते. पहिल्याच खड्ड्याला पाणी तुमच्या मिशांवर आलं.

"लागला ना धक्का?" मी विचारलं.

"धक्का नाय, आंघोळ झाली."

कळंबला पोचेपर्यंत फुलपात्र रिकामं होतं आणि तुमचा सदरा पिळण्याजोगा. मी खूप दिवसांनी हसले होते. परत आल्यावर तुम्ही फाटके फुगे कोपऱ्यातून काढलेत, त्यांचं रबर कापलंत, आणि दोन्ही स्ट्रेचरच्या पायांखाली जाड गाद्या करून बसवल्यात. चार दिवसांनी पुन्हा तीच परीक्षा. या खेपेला निम्मं पाणी राहिलं. "ही घ्या तुमची हवा," तुम्ही म्हणालात. "गाडीला नाय, पेशंटला."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की मिस्त्री, तुमचं बरोबर होतं. मी म्हटलं, "अजून निम्मं सांडतंय." तुम्ही मान हलवलीत आणि मागच्या स्प्रिंगा आणखी मऊ कशा करता येतील याचा विचार करत गॅरेजकडे गेलात. पुढे नऊ वर्षं कुठलीही बाई सुखरूप उतरली की मी तुम्हाला निरोप द्यायचे, "धक्का लागला." आणि तुम्ही उलट निरोप द्यायचात, "पोचली ना?" लोकांना वाटायचं आपण भांडतो.

पारू दोन वर्षांनी परत आली. त्याच गाडीने. चढायच्या आधी पायरीशी थांबली आणि तुम्हाला म्हणाली, "तीच का ही?" तुम्ही तिच्यासमोर हात जोडलेत. "तीच गं. पाय नवे हायत." ती चढली. मुलगी झाली, मोठ्याने रडणारी. तुम्ही बाहेरच्या ओट्यावर बसला होतात, ते रडणं ऐकलंत, आणि उठून गेलात. मी तुम्हाला मागून हाक मारली नाही. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं.

गेल्या वर्षी तुम्हाला दम लागायला लागला. मुंबईला छातीचा फोटो काढला, हृदय मोठं झालंय म्हणाले. तुम्ही तो फोटो घेऊन माझ्याकडे आलात, बाकावर बसलात, म्हणालात, "काय लिवलंय वाचा." मी वाचलं. "म्हंजी फुगलंय," तुम्ही म्हणालात. "बघा, बाई. जलमभर फुगे काढत राह्यलो, आनी शेवटी आतच एक निघाला." मी तुम्हाला गोळ्या कधी घ्यायच्या ते लिहून दिलं. मीठ बंद सांगितलं. तुम्ही ऐकलं नसणार.

परवा, सगळे गेल्यावर, वहिनींजवळ बसले होते. त्या सांगत होत्या, "आडवं पडले की दम कोंडायचा त्यांचा. दोन राती बसूनच काढल्या. मला बोलले, पाठीला पॅकिंग दे गं. उशी दिली, गोधडी दिली, शेवटी ती पत्र्याची पेटी लावली मागं. मग बोलले, हां, आता चार बोटं झाली."

मी चिठ्ठी काढून त्यांना दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण तो पुठ्ठा त्यांनी ओळखला. "मीच फाडून दिला होता. मी बोलले, नीट लिवा, दम लागतो म्हणून लिवा, लगेच या म्हणून लिवा. तर बोलले, त्या नर्स हायत. बसून हाय म्हटलं की बाईंना कळतंय."

बाईंना कळायला हवं होतं, मिस्त्री. अठरा वर्षं मी केसपेपरांवर हेच लिहीत आले आहे, पेशंटला आडवं होता येत नाही, बसून आहे. असं लिहिलं की डॉक्टर हातातलं काम टाकून उठतात. या खेपेला तुम्ही माझ्याच धंद्यातला शब्द वापरला होतात, तुमच्या नव्हे. आणि मी पुन्हा मला हवा तो अर्थ घेतला. तुम्ही बरे व्हावेत असं मला वाटत होतं, म्हणून चिठ्ठीत तुम्ही बरे झालात.

"सवडीने या" का लिहिलंत, ते मात्र मला ठरवता येत नाही. माझ्यावर ओझं नको म्हणून, की माझ्या वाचण्यावर एवढा भरवसा होता म्हणून? वहिनींनाही विचारलं नाही. एवढ्या वर्षांत एकदा तरी तुम्ही म्हणाला असतात की बाई, तुम्ही चिठ्ठी चुकीची वाचलीत, तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तुम्ही म्हणाला नाहीत. त्यानंतरही चिठ्ठ्या तेवढ्याच लहान लिहीत राहिलात. ते उपकार होते की शिक्षा, असा प्रश्न मला एके काळी पडायचा. आता पडत नाही. तुम्ही कुणाला शिक्षा करणारे नव्हतात. एकदा सांधा निखळला म्हणून तो दांडा टाकून द्यायचा नसतो, एवढंच तुम्हाला म्हणायचं असावं.

आज सकाळी दवाखान्यात लवकर गेले. कपाटातून जुनी लॉगबुकं काढली. ते पान सापडलं. तुमच्या सहीखाली दोन ओळी जागा होती, कुणी त्यात काही लिहिलं नव्हतं. मी शाईने लिहिलं, "चिठ्ठी बरोबर होती. बसल्या म्हणजे कशा, असं ड्रायव्हरने विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. चूक वाचणारीची." माझं पूर्ण नाव लिहिलं, आजची तारीख घातली. मग ते पुस्तक उघडंच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. ते दहाला येतात. काय म्हणायचं ते म्हणोत.

बाळाराम दारातून पाहत होता. त्याने विचारलं नाही काय लिहिलं ते. म्हणाला, "बाई, वाडीवरनं निरोप हाय. निघायचं?"

"गाडी पाहिलीस?"

"बघतो."

"थांब," मी म्हटलं. साडीचा पदर खोचला, गुडघ्यांवर बसले आणि पुढच्या चाकामागे हात घातला. ठोकळा गार होता. एक हात पुरेना, म्हणून दुसऱ्या हाताचं बोट लावलं. बोटं डाव्या बाजूला घातली, मग उजव्या बाजूला.

"किती?" बाळाराम वरून म्हणाला.

"पाच."

"म्हंजी चार," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.